नऊ गाद्यांची चळत

माझं वजन किती होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की आमच्या मार्गिलान शहरात कुणाकडेही जेवायला गेलो की जेवण झाल्यावर मला जमिनीवरून उठवायला दोन माणसं लागत. एक या काखेत हात घाली, दुसरा त्या काखेत, आणि कपाट हलवावं तसं मला उभं करत. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून सगळे मला दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणतात. दोमलांना हात देणं हा मान आहे, असं लोक तोंडावर म्हणत आणि पाठ फिरली की हसत. मला राग यायचा, पण रागाने माणूस उठत नाही.

ही गोष्ट मात्र माझी नाही, हिकमतची आहे. मी तिच्यात आहे तो केवळ वजनामुळे.

हिकमत म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या नोर्मत उस्ताचा धाकटा मुलगा. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी पहाटे पुरुषांना पुलाव जेवू घालतात, आणि गावातल्या निम्म्या लग्नांचा तो पुलाव नोर्मत उस्ताच शिजवतो. बारा वर्षं हिकमत बापाच्या कढईपाशी उभा होता. लाकडं फोडायची, मणभर गाजरं चिरायची, भरली कढई उचलायची, त्यामुळे दंड असे झाले होते की शिंपी त्याच्या बाह्यांचं माप दोनदा घेई. एकतिसाव्या वर्षी एके दिवशी त्याने बापाला सांगितलं, की मी शनिवार-रविवार शेजारच्या फरगान्याला जाऊन शिकत होतो ते ट्रेनरचं काम होतं, आता प्रमाणपत्र मिळालंय, मी जिममध्ये नोकरी बघतो. नोर्मत उस्ताने हातातला झारा कढईवर आडवा ठेवला आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं बंद केलं. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. काही सांगायचं झालं तर बायकोला म्हणे, तुझ्या मुलाला सांग. तो मुलगा तिथेच समोर चहा पीत बसलेला असे.

मोहल्ल्याला तर आयतंच सापडलं. आधी चरबीतला भात घालून आम्हाला फुगवलंस, आता उतरवणारही तूच का, असं त्याला रोज कोणी ना कोणी विचारी. हिकमत हसून घ्यायचा. स्वभावाने तो गरीब होता, आणि पुढचा सगळा घोळ त्या स्वभावानेच केला.

नोकरी मागायला तो मस्तुरा आपांकडे गेला. आपांनी आमच्या शाळेत सव्वीस वर्षं कवायत शिकवली. निवृत्त झाल्यावर जुन्या रेशीम गिरणीचं उपाहारगृह भाड्याने घेऊन त्यांनी तिथे जिम काढली. गळ्यातली शिट्टी मात्र अजून काढलेली नाही. हिकमत आला तेव्हा मी तिथेच होतो. डॉक्टरांनी घाबरवल्यामुळे माझ्या बायकोने, करोमतने, माझं नाव तिथे घातलं होतं, आणि दोन आठवडे मी इमानेइतबारे येऊन आपांच्या टेबलाशेजारी खुर्चीवर बसून हिरवा चहा पीत होतो.

आपांनी प्रमाणपत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या की असे कागद आणि असे दंड घेऊन गेल्या वर्षात चार जण आले, चौघेही आरशात स्वतःलाच बघत बसायचे. मग शिट्टीनेच माझ्याकडे खूण केली.

"हे दोमला. वीस वर्षं यांच्याबरोबर शिक्षकांच्या खोलीत बसलेय, यांना हलवणं कुणालाही जमलेलं नाही. यांना एक महिना घे. महिन्याने मोहल्ल्यातल्या एर्गशच्या मुलाचं लग्न आहे. त्या पुलावाला हे जमिनीवरून आपले आपण उठले, तर ही नोकरी तुझी."

"तिथे का? इथेच उठतो की," मी म्हणालो.

"इथे कुणीही शूर असतं. तिथे अख्खा मोहल्ला बघत असेल."

पहाटेच्या पुलावाला फक्त पुरुष जातात, मग तुम्हाला कसं कळणार, असं हिकमतने हळूच विचारलं. आपा म्हणाल्या की तिथल्या निम्म्या पुरुषांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात, तुमचा चहा गार व्हायच्या आत मला बातमी मिळेल.

तर असं माझं कपाळ आणि हिकमतची नोकरी एकाच दोरीने बांधली गेली.

पहिले पंधरा दिवस मला स्वर्ग होता. मी आलो की हिकमत दार उघडे, माझा कोट घेई, टॉवेल खांद्यावर घाली. वजनाच्या चकत्या तो लावी आणि काढीही तोच. पाहुण्याने आपल्या हाताने काही उचलायचं म्हणजे काय, ते त्याच्या डोक्यातच बसत नव्हतं. खाली बसून उठण्याचा व्यायाम असे, तेव्हा मी जरा कण्हलो की त्याचा हात माझ्या कोपराखाली आलेलाच असे. दांडी उचलताना माझे हात थरथरायला लागले की तो दोन बोटांनी ती वर नेई आणि म्हणे, वा दोमला, पंधरा झाले. मी घरी जाऊन करोमतला सांगत असे, पंधरा झाले. ती माझ्या पोटाकडे बघे.

सोळाव्या दिवशी आपांनी जमिनीवर एक चादर टाकली आणि मला तिच्यावर बसायला सांगितलं. बसलो. मग म्हणाल्या, उठा. हिकमत पुढे झाला, त्यांनी शिट्टी वाजवली आणि तो जागच्या जागी थांबला. मी खूप खटपट केली. गुडघा दुमडला, हात टेकला, एका कुशीवर कलंडलो आणि तसाच राहिलो. पंधरा दिवसांपूर्वी होतो तिथेच मी होतो, केसभरही पुढे नाही. मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. शेवटी दोघांनी मिळूनच मला उठवलं.

"पंधरा दिवस व्यायाम कोण करतंय?" आपांनी हिकमतला विचारलं. आवाज चढवला नाही. "तू माणसं जेवायला बसवलीस आजवर. त्यांच्या पानात वाढायचं, त्यांना काही करू द्यायचं नाही. इथे तू त्यांच्या तोंडचा घास काढून घेतोयस, आणि त्याला आदर म्हणतोयस."

त्या गेल्यावर हिकमत बाकावर माझ्या शेजारी बसला. त्याचा चेहरा पडला होता. मी म्हणालो की बापाकडे परत जा, अजून वेळ गेलेली नाही. मला वाटलं मी समजूतदारपणाचं बोलतोय.

"दोमला, तीन माणसं होती," तो म्हणाला. "आपापल्या मुलांच्या लग्नात त्यांना पहिली परात मी नेऊन दिली. वर्षाच्या आत तिघेही वजनापायी गेले, आणि माणूस गेल्यावर विसाव्या दिवशी करतात तो पुलावही मीच शिजवला. तिसरा होता माझा सख्खा मामा. चव्वेचाळीस वर्षांचा. त्या दिवशी लोक म्हणत होते पुलाव छान झालाय."



दुसऱ्या दिवशी तो सायकलच्या मागे गाद्या बांधून आला. आमच्या घराघरांत पेटीवर रचून ठेवलेल्या असतात तशा, मुलीच्या लग्नात देतात त्या पातळ रंगीत गाद्या. आईच्या पेटीवरच्या नऊ उचलून आणल्या होत्या. त्याने त्या एकावर एक रचल्या आणि मला वर बसवलं. त्या उंचीवरून उठणं सोपं होतं. मग त्याने एक गादी काढून बाजूला ठेवली आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले. मी उठू लागलो, अडलो, कण्हलो. तो आला नाही. मी सवयीने कोपर पुढे केलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तेव्हा मला कळलं तो कुणासारखा उभा आहे. भात कढईत पडून झाकण बसलं की नोर्मत उस्ता असाच उभा राहतो. हात मागे, नजर दुसरीकडे. वाफ आत आपलं काम करत असते, आणि त्या वेळात झाकणाला कोणी हात लावला तर उस्ताचा झारा बोटांवर बसतो. हिकमतच्या बोटांनी तो लहानपणी पुष्कळ खाल्ला होता.

मी त्याला त्या आठवड्यात पुष्कळ बोललो. दगड आहेस, म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडतोस, तुझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर, असं बरंच काही. तो "हो दोमला" म्हणे आणि जागचा हलत नसे. त्याचे कान मात्र लाल होत. दोन दिवसांनी एक गादी कमी होई. चकत्या आता मी लावत होतो. कोट मी काढत होतो. आठ गाद्या झाल्या, सहा झाल्या, चार झाल्या. चारवर मी तीन दिवस अडून बसलो. आपा येऊन नाक मुरडून गेल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच चळतीखाली फळी सरकवली, म्हणजे गाद्या घसरू नयेत. लग्नाच्या आदल्या दिवशी मी दोन गाद्यांवरून उठलो. एकीवरून जमलं नाही. जमिनीचं तर नावच नको.

एर्गशच्या अंगणात पुलाव अर्थातच नोर्मत उस्ताचा होता. वयस्कर मंडळींना आतल्या खोलीत जमिनीवर बसवलं होतं, आणि मला दोमला म्हणून थेट दारासमोरच्या मानाच्या जागी. दोघांत मिळून एक परात असते. मी हात आखडता घेतला तेव्हा माझ्या वाटेकऱ्याने मला बरं आहे ना विचारलं आणि माझा वाटा आनंदाने संपवला.

पहाटेच्या पुलावाला रेंगाळत नाहीत. खाऊन झालं, सर्वांत म्हाताऱ्याने दुआ मागितली, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि सगळे उठले. दारात पुढची पंगत वाट बघत उभी होती. एर्गशचे दोन पुतणे ठरल्यासारखे माझ्या दोन बाजूंना आले.

"त्यांना हात लावू नका," हिकमत म्हणाला.

तो दाराशी उभा होता. हात दिला नाही हे एक वेळ खपलं असतं, दुसऱ्याला देऊही दिला नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने, हेच शिकवलं का नोर्मतने, असं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. आणि ते ऐकू गेलंच, कारण दुआला आलेला नोर्मत उस्ता हातात झारा घेऊन हिकमतच्या मागेच उभा होता.

मी गुडघा दुमडला. एक पाय पुढे घेतला. दोन्ही हात मांडीवर रोवून जोर केला, अर्ध्यापर्यंत आलो आणि धपकन खाली बसलो. परातीतले चमचे खणखणले. कुणीतरी हसलं. मी हिकमतकडे बघितलं. खरं सांगायचं तर मी त्याला डोळ्यांनी विनवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि कान असे लाल, की जणू पडलो मी नव्हतो, तो पडला होता. हात मागेच होते. तो फक्त म्हणाला, "पाय अजून थोडा जवळ, दोमला. घाई नाही."

दारात चाळीस माणसं भुकेली उभी असताना घाई नाही म्हणायला छाती लागते. मी पाय जवळ घेतला. श्वास घेतला. आणि उठलो.

सरळ उभा राहिलो तेव्हा मला खोलीची दुसरी खिडकी दिसली. वीस वर्षांत त्या घरात मी ती नीट पाहिली नव्हती, कारण उठवताना मान खाली असे. लोक मोठ्याने हसले, पण या वेळचं हसू वेगळं होतं. बापाने बसवलं आणि पोराने उठवलं, असं तो मघाचाच म्हातारा म्हणाला. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

बाहेर बूट शोधत होतो तेवढ्यात माझा फोन वाजला. मस्तुरा आपा.

"उठलात म्हणे."

"दुसऱ्या वेळी."

"पहिल्या वेळी पडलात, तेव्हा त्याने हात दिला?"

"नाही."

"सोमवारी सकाळी सातला ये म्हणावं त्याला. कायमचा," आपा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी हिकमतला शोधत चुलीकडे गेलो. शेवटची पंगत बसली होती. नोर्मत उस्ता बुटक्या स्टुलावर बसून कढईचा तळ खरवडत होता आणि हिकमत नुसता समोर उभा होता. मी निरोप सांगितला. हिकमतने छातीवर हात ठेवून मान झुकवली, आणि मग हात पुन्हा पाठीमागे नेले. मी तिथून जायला हवं होतं. गेलो नाही.

"तिथे पाठीचं काही करतात का?" उस्ताने विचारलं. कढईला नाही, आणि बायको तर तिथे नव्हतीच.

"करतात, बाबा."

"कधी उघडं असतं?"

"सातला. पण बाबा, तिथे मी हात देणार नाही."

"बघितलं की आत्ता," उस्ता म्हणाला.

त्याने झारा बाजूला ठेवला आणि स्टुलावरून उठण्यासाठी, बारा वर्षं रोज करायचा तसा, एक हात मुलासमोर धरला. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो हात हवेतच थांबला. हिकमतने पाठीमागचे हात सोडले.

"अजून तिथे तुमचं नाव घातलेलं नाही," तो म्हणाला, आणि त्याने बापाला दोन्ही हातांनी धरून उभं केलं.