माझ्याच टाकीची गळती

तळमजल्यावरच्या वहिनी पाणीचोर नव्हत्या. हे मी त्यांच्यासमोर कधी बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं आणि गच्चीवर सगळ्यांची मिळून एकच टाकी. सकाळी भरायची, दिवसभर पुरायची. मी हौसेनं संडासात फ्लशची प्लास्टिकची टाकी बसवून घेतली, इमारतीतली पहिली. आठवडा झाला नाही तोच गच्चीवरची टाकी दुपारी कोरडी पडू लागली.

मी काय केलं? घरातला एक नळ तरी तपासला? छे! तळमजल्यावर जवळच्या राहनाळ गावाकडचं कुटुंब होतं, नवरा गोदामात हमाल. त्यांच्या मोरीत दोन पिंपं होती. मला तेवढा पुरावा पुरला.

"शेठ, खाली पिंपं भरभरून ठेवतात," मी घरमालकांना सांगितलं.

मालकही धन्य! ऑफिसात जाणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर त्यांनी पिंपात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ गच्चीवर गेले, वहिनींच्या लाइनचा कॉक बंद केला आणि वर तार गुंडाळली.

वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "दादा, येक पिंप तं फुटकं हाय. लाकडं ठेवते मी त्याच्यात. या, बगा तरी."

"मला काय दाखवता? शेठना दाखवा."

दहा दिवस त्या नाक्यावरच्या नळावरून हंडे वाहत होत्या. रांगेतल्या बाया विचारायच्या, "काय गं, चोरलेलं संपलं काय?" ऑफिसला जाताना नाक्यावर मला ऐकू यायचं.

आमच्या दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. त्या खडखडाटात घरात भांडं पडलं तरी कळत नसे. माग बंद फक्त शुक्रवारी, आणि शुक्रवारी मी ड्युटीवर. त्या शुक्रवारी मात्र तापानं घरी पडून होतो. सकाळी संडासात टाकी भरल्याचा आवाज आला. आत तर कोणी गेलं नव्हतं! आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

झाकण काढलं. टाकी भरली की पाणी अडवणारा बॉल ठीक वर येत होता. मग पाणी जातंय कुठं? कपड्यांची नीळ टाकीत ओतली आणि फ्लश न करता बसून राहिलो. दहा मिनिटांत संडासाच्या भांड्यात निळी रेघ उतरली. तळाचं रबर मुडपलेलं होतं, बसवतानाच. प्लंबरला मी एकटाच बसून शिव्या घातल्या. कामचोर, गाढव, काय वाट्टेल ते. जसा काही वहिनींचं नाव त्यानंच घेतलं होतं!

रबर सरळ केलं, नीळ घासून काढली आणि मालकांकडे गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. तोंडातून निघालं, "जाऊ द्या शेठ, अद्दल घडली त्यांना. सोडा पाणी."

म्हणजे पाणी वाया घालवणारा मी, आणि दयाळूही मीच! आजही संताप होतो.

संध्याकाळी वहिनी वर आल्या. "दादा, तुमी सबूद टाकलात म्हनून पानी आलं. उपकार हायेत तुमचे." मी मान हलवली. एवढंच.

पुढं आम्ही तिथं राहिलो तितकी वर्षं, पिंप भरण्याआधी त्या खालून हाक मारायच्या, "दादा, पानी भरू का?" स्वतःच्या वाट्याचं पाणी, आणि परवानगी माझी.

आणि मी वरून सांगायचो, "भरा, भरा."