शिरोलीच्या वाळूतला ओलावा

मिरज मागे पडलं, उसाची रानं सुरू झाली आणि प्रज्ञानं मांडीवरचं खोकं आणखी घट्ट धरलं. नागपूरपासून तिनं ते फळीवर ठेवू दिलं नव्हतं. खोक्यात आम्ही दोघींनी बनवलेलं यंत्र होतं. ओतकामाच्या कारखान्यात ज्या वाळूचे साचे करतात, तिच्यात ओलावा किती आहे हे त्यावर लगेच दिसे. ओलावा जास्त झाला, की ओतलेल्या लोखंडात पोकळ्या राहतात आणि माल वाया जातो.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कोल्हापूरच्या विद्यापीठानं नव्या तांत्रिक उद्योगांना हात द्यायचं ठरवलं होतं. काम संशोधन म्हणून मान्य झालं, तर आवारात खोली आणि प्रयोगशाळेची मुभा मिळणार होती. अट एकच, यंत्र खऱ्या कारखान्यात चाललं पाहिजे. यापायी प्रज्ञानं कॉलेजची नोकरी सोडली होती. नकार आला असता, तर तिला पुन्हा त्याच दारात जावं लागलं असतं.

स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तसा शेजारचा गृहस्थ म्हणाला, "पावणं, वरचा त्यो तिखट कट जरा बाजूला सारा की. आन् वर पाणी पिऊ नगासा, लईच झोंबतंय." मी त्याचं ऐकलं.

पंचगंगेचा पूल ओलांडून रिक्षा शिरोली एमआयडीसीत शिरली. हवेत जळक्या वाळूचा वास होता. कारखान्याचे मालक दिनकरराव फाटकातच उभे होते. आवाज असा, की भट्टीच्या घरघरीतही स्पष्ट ऐकू यावा.

यंत्राची सळई वाळूत खुपसली आणि आकडे नाचायला लागले. एकदा कोरडी, एकदा चिखल. दिनकररावांनी बराच वेळ पाहिलं.

"ताई, ह्यातलं खरं कुठलं धरायचं?"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. नागपुरात महिनोन्‌महिने हेच यंत्र नीट चाललं होतं. मला तर सरळ स्टेशन गाठावंसं वाटलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत विजेची भट्टी बंद झाली. प्रज्ञा न जेवता वाळूपाशी बसली होती. तिनं मला हाक मारली. आकडा एका जागी थांबला होता. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. वाळूत किंवा यंत्रात दोष नव्हता, भट्टीची वीज आमच्या तारेत घुसत होती.

मग धावपळ झाली. दिनकररावांनी मोटरसायकलवरून मला विजेच्या सामानाच्या दुकानात नेलं. तांब्याची जाळी घेऊन परतलो. प्रज्ञानं ती तारेभोवती गुंडाळली आणि जमिनीत जाणाऱ्या तारेला जोडली. भट्टी पुन्हा सुरू झाली. आकडा हलला नाही. कारखान्यात वाळू वाळवून, तोलून काढलेला आकडाही तोच आला.

"जमलं की," दिनकरराव म्हणाले आणि आम्हाला जेवायला बसवलं. पांढऱ्या रश्श्याची चव तेव्हा कुठं कळली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात समितीपुढं साक्ष द्यायला तेही आले. उभे राहून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "सकाळी यंत्र येड्यागत करत हुतं." ते पुढं म्हणाले, "पर दुपारी ह्यांनीच दोष हुडकला. माझ्या भट्टीजवळ चाललं, म्हंजी कुठंबी चालंल."

समितीच्या अध्यक्षा चष्मा काढून म्हणाल्या, "भट्टीच्या त्रासाचं अर्जात काहीच नाही."

"आम्हाला कालच कळलं," प्रज्ञा म्हणाली.

"मग ते लिहून द्या. संशोधनाचा खरा भाग तोच आहे. मान्यता देतोय आम्ही. खोली पुढच्या महिन्यापासून तुमची."

बाहेर येऊन आम्ही गुलमोहराखाली नुसत्या बसून राहिलो.

परतताना मिरजेला गाडी थांबली. प्रज्ञानं फलाटावरच्या बूथवरून आईला फोन लावला. "आई, आता कॉलेजात विचारायला जायचं नाही," एवढंच ती म्हणाली आणि रिसीव्हर कानाला धरून हसत राहिली.

नागपूर येईपर्यंत मी त्या सकाळचाच विचार करत होते. यंत्र पहिल्याच झटक्यात चाललं असतं, तर आम्ही खुशीत घरी आलो असतो आणि पुढं कुठल्या तरी कारखान्यात, आम्ही जवळ नसताना, ते फसलं असतं. ते आमच्या डोळ्यांदेखत फसलं, याचं आता मला बरंच वाटतं.