काउंटर खाली असताना

साहेबांनी ते सगळ्यांसमोर म्हटलं, याचाच मला जास्त राग आला. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं काउंटर, समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले पेशंट, कॉम्प्युटर पुन्हा अडकलेला, आणि साहेब केबिनच्या दारातून हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं असं म्हणाले, "बहनजी, ये मशीन आप ही के हाथ में क्यों मरती है?"

ताईंचे कान लाल झाले. ताई म्हणजे आमच्या पावत्या करणाऱ्या. आधी सराफ्यात एका पेढीवर बिलं बनवायच्या, तिथे बोटं तयार झालेली. पेशंटने नाव सांगून पुरं करावं तोवर यांची पावती छापून बाहेर.

मी लॅबचा सर्व्हर सांभाळत असे. दर्पण कॉलनीतली दुसरी लॅब नुकतीच आमच्यात विलीन झाली होती आणि तिथले पावतीवाले काकाही आमच्याकडे आले होते. एक दिवस काका बसत, एक दिवस ताई. पुढे दोघांपैकी एकच राहणार हे उघड होतं. काकांच्या दिवशी कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चाले आणि ताईंच्या दिवशी हटकून गोठे. शनिवारी फैसला करतो, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. ताईंच्या पगारावर त्यांचं घर चाले, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

मी केबल बदलली, अँटीव्हायरस तपासला, डिस्क तपासली. काही सापडेना. माझं डोकंच फिरलं. कॉम्प्युटरला माणसं ओळखू येत नाहीत, मग हा ताईंनाच कसा छळतो?

शेवटी लॅपटॉप घेऊन मी ताईंच्या शेजारी ठाण मांडलं. गोठलं की त्याच क्षणी सर्व्हरला विचारायचं, कोण कुणासाठी अडून बसलंय. दुपार होण्याआधीच ते गोठलं. ताईंनी हात कीबोर्डवरून असे उचलले, जणू चटका बसला. "बघा, मी तर फक्त एंटर दाबलं, बस."

सर्व्हरने उत्तर दिलं. ताईंची पावती क्लस्टरिंगच्या मागे ताटकळत उभी होती. दोन लॅबचे पेशंट एकाच टेबलात, म्हणजे डेटाच्या तक्त्यात, ओतल्यामुळे नोंदींची सरमिसळ झाली होती. त्या पुन्हा क्रमाने लावून ठेवायचं काम म्हणजे क्लस्टरिंग. घरी कपाट आवरायला काढतो, सगळे कपडे पलंगावर येतात आणि तेवढ्यात कुणी रुमाल मागितला तर आपण खेकसतो, "थांब जरा!" तसं ते. आवरून होईपर्यंत त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही.

चोर सापडला. पण भर दिवसा त्याला घरात घेतलं कुणी?

साहेबांना विचारलं तर ते उखडले. "ते मी स्वतः सेट केलंय. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर सांगितलं तसंच. कोणी नसलं की चालतं. त्याला का दोष देता?"

कोणी नसलं की. मी परत येऊन बसले आणि या वेळी स्क्रीनऐवजी समोरच्या खुर्च्यांकडे बघत राहिले. ताईंनी एकेक पेशंट उरकला. शेवटची बाई पावती घेऊन आत गेली, खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग एक आजोबा काठी टेकत आले, ताईंनी त्यांचं नाव टाकलं आणि सगळं ठप्प.

मला एकदम लख्ख दिसलं. काकांच्या दिवशी रांग कधी संपतच नसे! ते चष्मा पुसत, नाव दोनदा विचारत, हवापाण्याच्या गप्पा मारत, म्हणून क्लस्टरिंगला संधीच मिळत नसे. ताई रांग संपवत. रांग संपली, पावतीसाठी एकही नाव उरलं नाही की प्रोग्रामला वाटे, आता सामसूम आहे, घ्या आवरायला. त्यानंतर येणारा पहिला पेशंट अडके आणि बोल लागे ताईंना. भरभर काम करण्याची शिक्षा भोगत होत्या बिचाऱ्या.

खात्रीसाठी मी म्हटलं, "ताई, आता एक पेशंट कायम नाव टाकून बसवून ठेवा. सगळे संपवू नका."

"उगाच कशाला बसवायचं कोणाला?" त्या कुरकुरल्या, पण ऐकलं. संध्याकाळपर्यंत एकदाही अडकलं नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर काका होते. मी केबिनमध्ये जाऊन साहेबांसमोर फोन स्पीकरवर ठेवला आणि पुण्याला लावला. पलीकडचा इंजिनिअर गोंधळला. "अहो, मी म्हटलं होतं, लोड खाली आला की चालवा. खाली म्हणजे कमी. रोज लॅब बंद झाल्यावर."

"खाली म्हणजे खाली!" साहेब ओरडले. "काउंटर खाली, कुर्सी खाली. रिकामं!"

पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरात राहून आमचा 'खाली' कधीच हिंदी झाला होता, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला हसू फुटलं, पण ताईंचा चेहरा आठवला आणि ते विरून गेलं. एका शब्दापायी या बाईची भाकरी जात होती.

क्लस्टरिंगची वेळ मी तिथेच बदलून टाकली. शनिवारी ताईंचा दिवस होता. गर्दी ओसरल्यावर साहेब काउंटरपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, झालं गेलं. तुमची काही गलती नव्हती. आता आरामात काम करा, काउंटर तुमच्याकडेच राहील."

मला वाटलं, ताई रडतील. त्या रडल्या नाहीत.

"साहेब, हे लोकांसमोर सांगा ना. तेव्हा सांगितलं होतं तसं."

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. "आत्ता कोण आहे इथे?"

"मग थांबू," म्हणत ताईंनी कीबोर्ड बाजूला सारला आणि हाताची घडी घातली.

एक बाई आल्या. ताईंनी त्यांना बसायला सांगितलं. एक म्हातारं जोडपं आलं, एक पोलीस आला, लेकराला कडेवर घेऊन एक जण आला. त्यांनाही बसवलं. साहेब केबिनकडे वळले, पुन्हा थांबले. सगळ्या खुर्च्या भरल्या तसा पोलीस वैतागला, "क्या हुआ मैडम? मशीन फिर अटक गई क्या?"

"नहीं भैया," ताई म्हणाल्या, "मशीन ठीक है. साहब को कुछ कहना है."