मांडीवरून सतरंजीवर

सकाळी छबूबाई वस्तीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. "चला रे, अंगणवाडीला चला! केस न्हाई विंचरलं तरी चालंल, पर तोंड धुऊन या!" मग दारादारातून पोरं बाहेर पडायची. पहिलं पोर तिचा पदर धरायचं, दुसरं पहिल्याचा सदरा, आणि अशी लांबच लांब रांग खडकवस्तीच्या बोळातून वळणं घेत निघायची. या रांगेत संस्कृती नावाची पोर तेवढी नसायची. ती छबूबाईच्या कडेवर असायची.

खडकवस्ती सुप्याच्या कंपन्यांपासून जवळ. संस्कृतीची आई मोनिका तिथं पॅकिंगला जायची आणि बाप, कल्याण, फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डिंग करायचा. दोघांच्याही पाळ्या बदलत्या, त्यामुळे पोर आजीच्या, दगडाबाईंच्या हाताखाली वाढत होती. जन्मली तेव्हा संस्कृती उशिरा रडली होती. त्यामुळे तिच्या पायांत आणि कमरेत जोर कमी राहिला, असं डॉक्टर म्हणाले होते. ती बोलायचीही सावकाश, एकेक शब्द लांबून ओढून आणल्यासारखी. पण कळायचं तिला सगळं.

छबूबाई अंगणवाडीची मदतनीस. झाडलोट करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची आणि घरोघर पोचवायची. तिची स्वतःची लेक लग्न होऊन श्रीरामपूरला गेली, त्याच वर्षी संस्कृती तिच्या कडेवर आली आणि तिथंच राहिली. मधे कितीतरी महिने सेविकेची जागा रिकामी होती. तेव्हा छबूबाईनं एकटीनं अंगणवाडी ओढली. एका हातानं खिचडी हलवायची, दुसऱ्या हातात संस्कृती. पोरं गोल करून बसली की संस्कृती तिच्या मांडीवर. घास भरवायची तीच आणि तोंड पुसायची तीच. कुणी पोरीला नाव विचारलं, तर पोरीनं ओठ हलवायच्या आत छबूबाई सांगून मोकळी. वस्तीला याचं भारी कौतुक होतं. दगडाबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मी आजी नावाची. खरी आजी ती छबू."

मग राजनंदिनी सेविका म्हणून आली. नुकतं लग्न झालेली, शिकलेली आणि कामाला चटपटीत. पहिले काही दिवस तिनं नुसतं पाहिलं. एकदा खिचडी खाली लागली, दोन पोरं चिखलात उतरली आणि तिसरं हापशाकडं निघालं, तेव्हा मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"मावशी, आपण दोघी. पोरं खोलीभर. आणि तुमचा एक हात कायम गुंतलेला."

"मग काय पोरीला भुईवर टाकू?" छबूबाई फणकारली.

"टाका कुठं म्हणतेय मी? पण जूनमध्ये ही पहिलीला जाणार. शाळेत मावशी नसते. तिथं हिला मांडीवर कोण घेणार?"

छबूबाईनं खाली लागलेली खिचडी खरवडायला घेतली. दगडाबाईंनी याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. "मांडीवर घ्यायला कुणी नसंल, तर माझी नात शाळंत जायची न्हाई. घरी बसंल. मी हाय की." दगडाबाईंचं वय झालेलं. पोरगी घरात बसली की बसलीच, हे छबूबाईला दिसत होतं. काय करावं, ते मात्र दिसत नव्हतं.

त्याच सुमाराला पारनेरला प्रशिक्षण निघालं. आजवर प्रशिक्षण म्हणजे सेविकांचं. मदतनिसांनी मागं राहून अंगणवाडी उघडी ठेवायची. या वेळी मदतनिसांनाही बोलावणं होतं. शेजारच्या वस्तीवरची मदतनीस बदलीवर आली, आणि छबूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून राजनंदिनीबरोबर एसटीत बसली.

शिकवायला रोहिणी मॅडम होत्या. ज्या मुलांना चालायला, ऐकायला, बोलायला अडचण आहे, त्यांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं हे सांगत त्या तालुकाभर फिरायच्या. सकाळभर त्या बोलल्या आणि छबूबाईनं सकाळभर मान डोलावली. यातलं आपण सगळं करतोच, असं तिच्या मनात. संस्कृतीला आपण जेवढा जीव लावला, तेवढा कोण लावतं?

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आज कुणी आपल्या हातानं जेवायचं नाही. शेजारणीनं भरवायचं. जिला भरवतायत, तिनं हात मांडीखाली ठेवायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नंतर अदलाबदल."

बायकांत हसाहशी झाली. छबूबाईच्या वाट्याला एक आडव्या अंगाची, मोठ्या हाताची सेविका आली. तिनं भाकरीचा भला थोरला तुकडा ठेच्यात बुडवला आणि छबूबाईच्या तोंडात सारला. तो खाली उतरायच्या आत दुसरा. छबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तांब्याकडं बघून पाणी सुचवायचं होतं, तोवर त्या बाईनं मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जिलबी कोंबली.

"बोला," नंतर मॅडमनी विचारलं, "कसं वाटलं?"

"कसं वाटनार!" छबूबाई उसळली. "मला पानी पायजे हुतं, हिनं जिलबी घातली!"

सगळ्या खो खो हसल्या. ती सेविकाही हसत म्हणाली, "अगं बाई, मी आपली लाडानं घातली."

"लाडानं घातली हो, पर मला कुठं पायजे हुती?"

"मग तुम्ही काय केलं?" मॅडम म्हणाल्या.

"काय करनार? गिळली."

हे बोलली आणि छबूबाई थांबली. अजून हसणं चालू होतं. तिच्या डोळ्यापुढं संस्कृतीचं तोंड आलं. आपली पोरगी जेवताना कधी कटकट करत नाही, समोर धरलेला घास निमूट खाते, असं ती चारचौघींत अभिमानानं सांगायची. निमूट कशाला, पोर गिळत होती.

दुपारी चहाच्या वेळेला ती मॅडमजवळ गेली आणि संस्कृतीचं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तिला खाली बसवा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवा, म्हणजे पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार मिळेल. घास तिच्या हातात द्या."

"पडली म्हंजे?"

"बाकीची पडत नाहीत का?"

"पडत्यात की."

"त्यांचं काय करता?"

"उठवते, धूळ झाडते, सोडून देते." छबूबाईनं चहाचा कप खाली ठेवला. "पर मॅडम, ती निराळी हाय हो."

"तिला थोडा जास्त आधार लागेल, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "आणि घाई करू नका."

परत आल्यावर छबूबाईनं नेमकी घाई केली. दुसऱ्याच दिवशी वाकळ अंथरून संस्कृतीला कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः लांब जाऊन बसली. पोरीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग भोकाड पसरलं. छबूबाईनं दातावर दात धरले. संस्कृती रडता रडता कलली, फरशीवर आडवी झाली आणि ओठाला दात लागला. रक्त थेंबभरच आलं. पण नेमक्या त्याच वेळी दगडाबाई नातीचा विसरलेला स्वेटर घेऊन दारात उभ्या होत्या.

"छबे!" म्हाताऱ्या अंगात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. "माझ्या नातीला खाली टाकली? पारनेरला जाऊन हेच शिकून आली का?"

"आत्या, ऐकून तर घ्या..."

"काय ऐकू? तुला जड झाली आसंल तर तसं सांग!"

त्यांनी नातीला उचललं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी संस्कृती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. छबूबाईनं रोजच्यासारखी हाळी दिली, पण त्या घरासमोर तिचा आवाज बसायचा.

"मी येऊ का बरोबर? मी समजावते त्यांना," राजनंदिनी म्हणाली.

"नको, ताई. रागवायचं त्यांनी मलाच."

सुट्टीच्या दिवशी ती गेली. दगडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. कल्याण रात्रपाळी करून आला होता, तो आत चहा पीत होता. संस्कृती आजीच्या पायाशी टेकून होती.

"आत्या, माझी चूक झाली," छबूबाई म्हणाली. "एकदम सोडायला नको हुती."

"सोडायलाच नको हुती म्हन."

"तसं न्हाई म्हननार मी. सोडावी तर लागंल, पाठीला कोपऱ्यासारखा आधार दिऊन. रडली तवा मी बी रडले, ताईंना विचारा. पर शाळंत कोन घील हिला मांडीवर?"

"म्हनून तर म्हनते, घरी बसंल."

"आणि तुमच्या मागं?"

दगडाबाईंनी हातातली शेंग जोरात फोडली. असं कुणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं. छबूबाईलाच बोलून झाल्यावर कसंसं झालं. विषय बदलावा म्हणून ती पोरीकडं वळली.

"व्हय गं बाय, तुला यायचं का अंगणवाडीला?"

"तिला काय कळतंय? रडंल परत," दगडाबाई म्हणाल्या.

"आत्या, थांबा. तिला बोलू द्या." आणि मग छबूबाईनं आजवर कधी न केलेली गोष्ट केली. ती गप्प बसून राहिली. संस्कृतीच्या ओठांची हालचाल सुरू झाली. शब्द येईना. सवयीनं छबूबाईच्या जिभेवर दहा उत्तरं आली, ती तिनं मागं सारली. दगडाबाईही शेंगा फोडायच्या थांबल्या. आत कल्याणनं कप ठेवला.

"ओं... कार," संस्कृती म्हणाली. मग बराच दम घेऊन, "ठो... कळे."

"आपल्या अंगणवाडीतला ओंकार ठोकळे देत न्हाई व्हय तुला?"

पोरीनं मान हलवली. तसं नव्हतं. पुन्हा सगळे थांबले.

"त्या... च्या... जवळ. खाली."

कल्याण दारात येऊन उभा होता. आईकडं, मग मुलीकडं बघून तो छबूबाईला म्हणाला, "मावशी, कोपऱ्यासारखी पाठ पायजे म्हनता ना? लाकडाची केली तर चालंल का? कंपनीतली पॅकिंगची लाकडं पडीक असत्यात. साहेबांना विचारून आणतो."

आठवड्यात त्यानं खुर्ची केली. काय खुर्ची ती! उंच पाय, पाठीला कोपरा, बाजूंना हात, आत जुन्या गादीचा कापूस, वर पट्टा. संस्कृतीला त्यात बसवलं तर एखाद्या लग्नातल्या वरमाईसारखी दिसायला लागली. बाकीची पोरं खाली सतरंजीवर, ही वर. पोरं मान वर करून तिच्याकडं बघायची आणि आपल्या खेळाला लागायची. ठोकळे सगळे खाली.

राजनंदिनीनं मोबाईलवर फोटो काढून रोहिणी मॅडमना पाठवला. लगेच फोन आला, तो तिनं कल्याणलाही ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. मॅडम हसत होत्या. "सुतारकाम फक्कड आहे. आता पाय कापा."

"माझे?" कल्याण घाबरून म्हणाला.

"खुर्चीचे, दादा!" राजनंदिनी म्हणाली.

पाय कापल्यावर ती खुर्ची राहिली नाही. जमिनीला टेकलेली, पाठीला आणि बाजूंना आधार देणारी एक बैठक झाली. संस्कृती त्यात नीट बसू लागली. आधी थोडा वेळ, मग खिचडी होईपर्यंत, मग गाणी संपेपर्यंत. घास हातात घ्यायला ती शिकली. निम्मी खिचडी अंगावर सांडायची आणि तिचं जेवण होईपर्यंत बाकीच्यांचे हात धुऊन व्हायचे. समोर बसून ते पाहताना छबूबाईची बोटं वळवळायची. मग ती उठून उगाच भांडी घासायला जायची.

दगडाबाई रोज काहीतरी निमित्त काढून दारात येऊन बसायच्या. नातीची पाठ कलली की त्यांचा हात आपोआप पुढं व्हायचा आणि मध्येच थांबायचा. शाळेचं नाव मात्र अजून त्यांनी काढलं नव्हतं. नाव घालायचे दिवस जवळ आले होते, आणि विचारायची छबूबाईची छाती होत नव्हती.

असंच एका सकाळी पोरं ठोकळ्यांशी खेळत होती. ओंकारनं उंच मनोरा रचला होता आणि शेवटचा लाल ठोकळा वर ठेवायला घेतला होता. संस्कृतीनं हात लांबवला, थरथरत पुढं नेला आणि तळातला ठोकळा ओढला. मनोरा धाडकन खाली. ओंकारनं क्षणभर तोंड उघडं ठेवलं, मग संस्कृतीची वेणी धरली. संस्कृतीनं किंकाळी फोडली, पण ठोकळा सोडला नाही. उलट तोच ओंकारच्या गुडघ्यावर हाणला. दोघंही गळा काढून रडायला लागली.

दगडाबाई दारात अर्ध्या उठल्या. छबूबाई चुलीपासून धावली. पोरीला उचलून छातीशी धरायला तिचे दोन्ही हात पुढं झाले होते. पण तिथं पोचल्यावर ती खाली बसली. आधी ओंकारचा हात वेणीवरून सोडवला.

"पुन्यांदा केस वढलंस तर बघ! आणि तू गं?" ती संस्कृतीकडं वळली. "त्यानं एवढा रचला हुता, तू का पाडला? दे त्याचा ठोकळा. दे म्हनते ना!"

संस्कृती रडायची थांबली. आजवर तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. तिनं छबूबाईकडं पाहिलं, ओंकारकडं पाहिलं, ठोकळा पोटाशी घट्ट धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "न्हाई."

राजनंदिनीनं हसू लपवायला तोंडावर ओढणी धरली. दगडाबाई आत आल्या.

"माझ्या नातीवर वरडली तू?"

"वरडले," छबूबाई म्हणाली. "पाडला का न्हाई तिनं? तुमी बगितलं न्हाई का?"

"बगितलं." दगडाबाई सतरंजीच्या कडेला टेकल्या. नातीच्या हातातला ठोकळा घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तर तिनं तो आणखी आत दाबला. ओंकार आता रडायचं विसरून नवा मनोरा रचायला लागला होता. संस्कृती तिरक्या डोळ्यानं त्याच्याकडं बघत होती.

म्हातारी बराच वेळ ते बघत राहिली. मग छबूबाईच्या दंडाला धरून उठता उठता म्हणाली, "छबे, शाळंत नाव घालायला जाशील तवा मास्तरांना एक सांगून ठेव."

"काय सांगू?"

"पोरगी उलटं बोलती म्हनावं."