चित्र लावणारे मामा

“थांबा ताई, अजून बसलं नाय,” असं म्हणून मामा पुन्हा स्टुलावर चढायचे. चित्र भिंतीवर लागलेलं असायचं, घरातली माणसं समाधानानं माना हलवत असायची, चहासुद्धा आलेला असायचा. पण मामा दारापर्यंत मागे जाणार, एक डोळा मिटून बघणार, तरातरा पुढे येणार आणि चार बोटं खाली घेतो म्हणून खिळाच उपटणार.

गुलमंडीजवळच्या एका गल्लीत आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनंतर ते मी चालवते. चित्रं विकायची, फ्रेम करायच्या आणि कुणाला हवं असेल तर घरी जाऊन लावूनही द्यायच्या. हे लावायचं काम चौदा वर्षं मामांनी केलं. मूळचे ते वैजापूरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. लहानपण सगळं रानोमाळ गेलेलं. आज इथं तळ, आठ दिवसांनी पुढच्या शिवारात. शहरात आले ते घरं रंगवणाऱ्या टोळीबरोबर, आणि तिथून आमच्याकडे.

दुकानात मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं. चहा हातात घेऊन फेऱ्या मारायचे. “मामा, टेका की जरा,” म्हटलं तर म्हणायचे, “टेकलं की पाय दुखत्यात.”

नवीन घर घेतलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोफा येतो, पडदे येतात, आणि मग हॉलची मोठी भिंत सगळ्यांकडे बघत राहते. नवऱ्याला सात पळणारे घोडे हवे असतात, बायकोला साधी पानंफुलं, आणि मुलीनं फोनवर तिसरंच काही पसंत केलेलं असतं. मामा चित्रांकडे आधी बघतच नसत. विचारायचे, “तुमी कुठं बसता?” मग स्वतः प्रत्येक खुर्चीवर क्षणभर बसून बघायचे आणि चटका बसल्यासारखे उठायचे. “लई वर लावत्यात लोकं. उभं राहून कोण बघतंय चित्राकडं? उभा माणूस कामात असतो.”

छावणीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं घर मला नेहमी आठवतं. यजमान जाऊन सहा महिने झाले होते. मुलगा पुण्याहून आला होता, आणि त्यानं वडिलांचा भलामोठा फोटो आमच्याकडून फ्रेम करून घेतला होता. तो हॉलच्या मधोमध, बरोबर समोर लावायचा होता. मीही त्या दिवशी मामांबरोबर गेले होते.

मामांनी बाईंना विचारलं, “तुमी कुठं बसता?”

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराजवळचं एक मोडकं स्टूल दाखवलं.

“आन् ह्या खिडकीतल्या खुर्चीवर?”

“तिथं हे बसायचे.” एवढंच बोलून बाई आत गेल्या.

मामांनी भिंतीवर दोन-तीन ठिकाणी बोटानं टकटक केलं आणि मुलाकडे वळून गंभीरपणे म्हणाले, “सायेब, इथून पाईप गेलाय. खिळा मारला तर घरभर पाणी.” फोटो त्यांनी बाजूच्या भिंतीवर लावला. दारातून येणाऱ्याला तो पहिल्यांदा दिसायचा, पण खिडकीतल्या खुर्चीवरून नाही. मग कपाटावर उलटं ठेवलेलं बाईंनी स्वतः केलेलं मोरांचं भरतकाम त्यांनी खाली काढलं, पुसलं, आणि त्या खुर्चीसमोर लावून दिलं.

“बसा बरं बाई.”

बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. मग हळूहळू मागे सरकल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, “मामा, पाईप खरंच होता का हो?” ते स्कूटरला किक मारत म्हणाले, “असंल बी.”

दुसऱ्यांच्या भिंती अर्ध्या तासात मार्गी लावणाऱ्या या माणसाला स्वतःची भिंत मात्र जमली नाही. पडेगावच्या बाजूला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. त्याआधी सगळी वर्षं भाड्याच्या खोलीत गेली होती, आणि घरमालक खिळा मारू देत नसे. घर झाल्यावर मामा दुकानातून एक धबधबा घेऊन गेले. चार दिवसांनी परत आणला. मग डोंगर नेला, तोही परत आला. मग देवाची तसबीर, मग कमळांचं तळं. “मामा, एकदा काय ते ठरवा,” मी जरा चिडूनच म्हणाले. तेव्हा त्यांनी सांगितलं की चित्र त्यांच्यासाठी नव्हतंच.

त्यांची आई घर होईपर्यंत मामांच्या धाकट्या भावाबरोबर मेंढ्यांमागेच फिरत होती. उतारावर पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि आता रान नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामांनी तिला घरी आणून हॉलमध्ये खाट टाकून दिली. ती जेवेना. दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, “मला इथं कोंडल्यावाणी व्हतं रं.”

मग मामांनी एका ओळखीच्या फोटोवाल्याकडून मेंढ्यांच्या कळपाचा मोठा फोटो करून घेतला. माळावर पसरलेला कळप, मागे टेकडी. फ्रेम मीच केली, आणि मी ती घेऊन त्यांच्या घरी गेले. भिंतीला इतकी भोकं पडली होती की मामी म्हणाल्या, “ताई, रंग देऊ का लिंपण करू, तुमीच सांगा.” फोटो लागला. मामांच्या आईनं, आजीनं, खूप वेळ बघितलं. पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उजळला, असं मला वाटलं.

“ह्या कोणाच्या म्हणायच्या?” तिनं विचारलं.

“कोणाच्या का असंनात. तुला बघायला आणल्यात.”

“ती मागची लंगडतीय.”

खरंच, कळपाच्या मागे एक मेंढी सुटी राहिली होती. चौदा वर्षांत हजार चित्रं निरखणाऱ्या मामांना ती दिसली नव्हती, आणि फ्रेम करताना मलाही नाही.

“आई, फोटो हाय तो.”

“फोटो असला म्हणून काय झालं? मागं राहिलीय ती. कोणी वळवीना तिला?”

दोन दिवस तिनं तोच घोषा लावला. तिसऱ्या दिवशी मामांनी फोटो उतरवला, आणि त्याच आठवड्यात गवंडी बोलावून ती भिंतच फोडली. खाटेवरून बाहेर दिसेल अशी, जमिनीपासून हातभर उंचीवर खिडकी केली. पलीकडे रिकामे प्लॉट, बाभळी आणि कच्चा रस्ता. आजी दोन घास जास्त जेवू लागली. मामा दुकानात आले की सांगायचे, आज बकऱ्या गेल्या, आज पाऊस दिसला, आज आई हसली. मला वाटलं, बसलं एकदाचं सगळं.

पण एका दुपारी त्या रस्त्यानं कळप चालला होता. आजीनं खिडकीतून हाळी दिली. बाहेरच्या मेंढक्यानं ओ दिली, तशी ती उठायला गेली आणि खाटेवरून खाली पडली. फार लागलं नाही. पण मामी मला फोनवर रडत सांगत होत्या, “हे म्हणत्यात, आईला तळावर नेऊन सोडतो. लोकं काय म्हणतील, ताई? पोरानं हाकलली म्हणतील.”

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले. ड्रिल मशीन आणि पातळी बघायची पाणसळ टेबलावर ठेवली.

“हे ठेवा तुमच्याकडं. आईला सोडून येतो. आठ दिवस.”

“मामा, डॉक्टर काय म्हणाले होते?”

“व्हय. ते बी खरंच हाय.” ते दारापर्यंत गेले, परत आले. “पर ती माझ्याकडं बघतच नाय आता, ताई. माझ्या पलीकडं बघती.”

छोट्या टेम्पोत गादी घालून त्यांनी तिला नेलं. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन. मधल्या काळात मी दुसऱ्या माणसाकडून कामं करून घेत राहिले. रोज वाटायचं, आज मामा येतील, आणि रोज थोडा रागही यायचा.

आले ते थंडीत, डोकं भादरलेलं. नेहमीसारखे उभेच राहिले.

“सकाळी कोकरं सोडली तवा आई बघत व्हती,” ते म्हणाले. “पाणी पाजून आलो तर नव्हती.”

मी उठून त्यांची मशीन पुढे केली. त्यांनी तिच्यावरची धूळ हातानं पुसली आणि तिथंच ठेवली. “राहू द्या. भावाचे गुडघे गेल्यात. एवढं साल बघतो.”

त्यालाही आता दीड वर्ष होऊन गेलं. मध्यंतरी मी एका नातेवाइकाकडे वैजापूरला निघाले होते. वाटेत मेंढ्यांनी रस्ता अडवला म्हणून गाडी थांबली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काळपटलेले, वाळलेले मामा कळपाच्या मागून येत होते. मी काच खाली करून हाक मारली. ते धावत आले, खिडकीला हात लावून उभे राहिले. पोरं बरी, मामी बरी, दुकान कसं चाललंय, सगळं भराभर विचारून-सांगून झालं. बोलताना नजर मात्र सारखी इकडेतिकडे.

“मामा, कधी येताय?” मी विचारलं.

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चार-पाच कोकरं रस्ता सोडून कुणाच्या तरी कांद्यात शिरली. मामांनी जोरात शीळ घातली आणि बांधावरून उडी टाकली. रोपं चुकवत, पाय उचलून टाकत ते वाफ्यांमधून पळत होते. एक कोकरू काखेत, दुसऱ्याला काठीनं वळवत. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा झाला होता. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याला म्हणत होते, “थांबा हो, थोडं थांबा.”