व्हिन्सेंटची रजा आणि बू राशिदची बंदूक

वाळवंटात जाऊन आलेली गाडी कितीही धुवा, सहा महिन्यांनी एसी लावला की तोंडावर वाळू येते म्हणजे येतेच. आमच्या शिकारीच्या किश्शांचं तसंच आहे. कतार सोडून नाशिकला आलो, वाटलं संपलं सगळं. पण कोणी नुसतं विचारलं, "काय हो, तिकडे सुट्टीच्या दिवशी काय करायचात?" की झालं. मंजिरी, म्हणजे आमची सौ., मुकाट्याने चहा टाकायला उठते. आता तासभर सुटका नाही हे तिला माहीत असतं.

आधी माणसं सांगतो. मी मेसईदच्या एका खताच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. खैरनार माझ्याच खात्यात, मालेगावकडचा, तोंडाने फटकळ. व्हिन्सेंट वसईचा, प्लॅनिंग बघायचा, तोंडातून शब्द काढायला त्याला पाना लागायचा. आणि आमचा तिघांचा साहेब बू राशिद. थोरल्या मुलाचं नाव राशिद, म्हणून हा बू राशिद, राशिदचा बाप. हा कतारी गृहस्थ ऑफिसात दगड आणि वाळवंटात लोणी.

शिकार म्हटल्यावर तुम्हाला वाघबिघ दिसायला लागेल. तसलं काही नाही. उन्हाळा सरला की तिकडे दक्षिणेच्या वाळवंटात पाखरं उतरतात. परवाना बू राशिदचा, बंदूक बू राशिदची, नेमही बू राशिदचा. आमचं काम एवढंच, की आपापल्या गाड्या हाकत त्याच्या मागे जायचं आणि पाखरू पडलं की "वा" म्हणायचं. "वा" म्हणायची वेळ फारशी आली नाही.

*

सुरुवात झाली ती माझ्या उशिरा येण्यावरून. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती आणि सगळं दोहा खणून ठेवलं होतं. मी राहायला अल अझीझियाला. रात्री ज्या रस्त्याने घरी आलो तो सकाळी असेलच याची खात्री नसायची. मोबाइलमधली बाई म्हणायची डावीकडे वळा, आणि डावीकडे चाळीस फूट खड्डा.

एकदा मी असाच धापा टाकत पोहोचलो. बू राशिदने घड्याळाकडे बघितलं. आमच्याशी तो ड्रायव्हर लोकांकडून शिकलेल्या हिंदीत बोलायचा.

"क्या हुआ?"

"साहेब, रास्ता बदल दिया."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शुक्रवार को मेरे साथ सहरा में आओ, शिकार पे. उधर मेरे दादा के टाइम से किसी ने रास्ता नहीं बदला."

मी खैरनारला ओढलं, कारण त्याने नुकतीच सेकंडहँड फोर बाय फोर घेतली होती आणि ती मिरवायला त्याला जागा हवी होती. व्हिन्सेंट मात्र न बोलावता आला.

*

का आला, ते सांगायला हवं, कारण त्यात गंमत नव्हती. वसईला त्याच्या आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणत होते, जानेवारीच्या पुढे ऑपरेशन ढकलू नका. आणि आई म्हणत होती, विन्सी आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. जानेवारीत आमच्या प्लांटचं शटडाउन. वर्षभराची सगळी दुरुस्ती त्या महिन्यात, म्हणून सगळ्यांच्या रजा बंद. त्यात त्या काळी देशाबाहेर पडायला एक्झिट परमिट लागायचं, आणि आमच्याकडे ते बू राशिदच्या हातात. व्हिन्सेंटने रजा मागितली होती, उत्तर आलं होतं, "शटडाउन. खलास."

"वाळवंटात मूड चांगला असतो म्हणतात," व्हिन्सेंट मला म्हणाला. "तिकडे विचारतो. पण तुम्ही कोणी मध्ये बोलायचं नाही हां. माझ्या आईसाठी मीच मागणार."

आम्ही कबूल केलं. कुठून कबूल केलं असं नंतर फार वेळा वाटलं.

*

पहिल्याच खेपेला वाळू सुरू व्हायच्या आधी बू राशिद थांबला आणि म्हणाला, "टायर का हवा कम करो." खैरनारने मान डोलावली आणि केली नाही. गावाकडे ट्रॅक्टर चालवलेला माणूस, त्याला कोण शिकवणार?

पहिल्या टेकाडावर त्याची गाडी पोटापर्यंत रुतली. बू राशिद खाली उतरला. रागावला नाही, ओरडला नाही. अंगातला लांब पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि स्वतः फावडं घेऊन चाकाखालची वाळू उपसायला लागला. ऑफिसात ज्याच्या केबिनबाहेर आम्ही ताटकळत उभे राहायचो, तो माणूस खैरनारच्या गाडीखाली आडवा झालेला! आम्ही लाजून मेलो.

गाडी निघाल्यावर त्याने हात झटकले आणि खैरनारच्या खांद्यावर थाप मारली. "पहले टायर का हवा निकालो. फिर दिमाग का. फिर यल्ला, चलो."

व्हिन्सेंटने त्या दिवशी विचारायचं ठरवलं होतं. पण ज्या माणसाने आत्ताच आपल्यासाठी दोन तास वाळू उपसली, त्याच्याकडे लगेच आणखी काय मागणार?

*

मग आली खंडेनवमी. कारखान्यात आम्ही आपापल्या पान्यांना फूल वाहायचोच. खैरनारच्या डोक्यात आलं, की शस्त्रांची पूजा आणि आपल्या ओळखीत खरं शस्त्र एकच. तो सुपरमार्केटातून झेंडूची फुलं घेऊन वाळवंटातल्या बू राशिदच्या तंबूवर, म्हणजे कॅम्पवर हजर.

बू राशिदने सगळं ऐकून घेतलं. मग काडतुसं काढून बंदूक आमच्यासमोर चटईवर ठेवली आणि म्हणाला, "फूल चलेगा. कलर नहीं लगाना, लकडी खराब होता." खैरनारने कुंकवाची डबी खिशात परत टाकली. झेंडू वाहिला, उदबत्ती लावली, आम्ही हात जोडले. बू राशिद आदराने बाजूला उभा होता, आपल्याकडे दुसऱ्याच्या घरच्या पूजेला उभं राहतात तसा.

त्या दिवशी त्याचा एकही बार लागला नाही. एकही. पाखरं डोक्यावरून जात होती, म्हणजे टोपी उडेल इतक्या खालून. संध्याकाळी त्याने बंदूक पेटीत ठेवली आणि शांतपणे खैरनारला विचारलं, "खैरनार, तुम पूजा बंदूक का किया या चिड़िया का?"

असल्या दिवशी रजा मागणं म्हणजे कपाळमोक्ष. व्हिन्सेंटने बेत पुढच्या खेपेवर ढकलला.

*

आता पुढचा किस्सा. तंबूचं सामान आवरताना गडबड झाली आणि बंदुकीची पेटी बू राशिदच्या गाडीऐवजी माझ्या डिकीत गेली. आम्हाला पत्ता नाही. त्या दिवशी तिघंही माझ्याच गाडीत, मी चालवतोय, शेजारी खैरनार, मागे व्हिन्सेंट. मेसईदच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच पोलिसांनी थांबवलं.

"गाडीत काय आहे?" पोलिसाने इंग्रजीत विचारलं.

मी डिकी उघडली आणि समोर ती लांबडी काळी पेटी. परक्या देशात, परक्याची बंदूक, परवाना आपल्या नावावर नाही. नोकरी गेली, मंजिरी आणि पोरगी दोन सुटकेसांसह विमानतळावर, एवढं सगळं मला क्षणात दिसलं. आणि तोंडातून काय निघावं? "सर, थालीपीठ, चटणी, सतरंजी, पाण्याचे कॅन, स्टोव्ह…" मी यादीच सुरू केली. पेटीचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं.

"गन?" पोलिसाचा चेहरा बदलला. "कुणाची?"

आणि जन्मात कधी आपणहून न बोलणारा व्हिन्सेंट मागून काकुळतीने म्हणाला, "सर, वी आर व्हेजिटेरियन."

अरे, हा वसईचा माणूस! सुकट संपली तर ज्याचा चेहरा उतरतो तो!

तेवढ्यात बू राशिद मागून पोहोचला. परवाना पोलिसाच्या हातात दिला आणि अरबीत बराच वेळ बोलला. आम्हाला एवढंच कळलं, की तो आमच्याकडे नाही, स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होता. म्हणजे, चूक माझी आहे, हे माझे लोक आहेत, त्यांना जाऊ दे. पोलिसाने त्यालाच फैलावर घेतलं, आणि त्याने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. आमच्यापैकी एकावर जरी त्याने ढकललं असतं तरी आमची धडगत नव्हती. मी बू राशिदचे आभार कसे मानू मला समजेना, म्हणून थालीपीठ दिलं. त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.

पेटी त्यानंतर कायम त्याच्याच गाडीत, कुलपात.

*

डिसेंबरातल्या खेपेला माझी संकष्टी होती. मंजिरीने उपास सोडायला मुगाची खिचडी दिली होती. कॅम्पवर मटणाची भली मोठी परात आली, सगळे बसले, आणि मी आपला बाजूला. बू राशिदने कारण विचारलं. मी म्हटलं, चंद्र दिसल्यावर खाणार.

"चांद?" तो खूश झाला. "हमारा भी चांद देख के होता है." आणि त्याने परातीवर झाकण ठेवायला लावलं. "इसका चांद आएगा, फिर सब खाएगा."

मी हातापाया पडलो, की बाबांनो, तुम्ही जेवा. कोणी ऐकेना. त्याचे दोन चुलतभाऊ, आम्ही तिघं आणि तो, सगळे पूर्वेकडे तोंड करून बसलो. भुकेने खैरनार मला मराठीतून काय काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. चंद्र वर आला तेव्हा सगळ्यात आधी बू राशिदच ओरडला. मग माझ्या डब्यातली खिचडी त्याने प्रत्येकाला चमचा चमचा वाटली. माझ्या उपासासाठी माझ्या सख्ख्या भावानेही कधी ताट थांबवलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी शेकोटीच्या धुरावर ढकललं.

व्हिन्सेंट जेवण झाल्यावर विचारणार होता. जेवण झाल्यावर बू राशिद तिथेच घोरायला लागला.

*

आणि मग डिसेंबरचा शेवटचा शुक्रवार. वसईहून बहिणीचा फोन आला होता, आईला दोन जिने चढवत नाहीत. व्हिन्सेंट रात्रभर झोपला नव्हता. आज विचारलं नाही तर संपलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी कॅम्पवर बू राशिदचे वडील आलेले. वयस्कर, करारी, सगळे त्यांच्यापुढे अदबीने बसलेले. कॉफी फिरली. ती कडू कॉफी व्हिन्सेंटला सोसायची नाही, पित्त व्हायचं. दर वेळी तो आपला कप हळूच खैरनारकडे सरकवायचा. त्या दिवशी खैरनार पार पलीकडच्या टोकाला बसलेला. काय करावं न सुचून व्हिन्सेंटने भरलेला कप समोर चटईवर ठेवून दिला.

सगळे त्या कपाकडे बघायला लागले. मला वाटलं, कपात काही पडलं की काय.

म्हातारबाबा अरबीत काहीतरी बोलले. बू राशिदने व्हिन्सेंटला सांगितलं, "मेरा वालिद बोलता है, मेहमान कप नीचे रखा, नहीं पिया. मतलब उसको कुछ मांगना है. पुराना रिवाज है. हम देगा बोलेगा, तब वो पिएगा. बोल, क्या मांगता है?"

व्हिन्सेंट पांढराफटक. त्याला रिवाजबिवाज काही माहीत नव्हता. मला तर वाटलं, हा आता म्हणेल, "सॉरी सर, अॅसिडिटी." पण त्याने कपाकडे बघितलं, मग म्हातारबाबांकडे, आणि एका दमात म्हणाला, "सर, मेरी आई का हार्ट का ऑपरेशन है. मेरे बिना वो करती नहीं."

बू राशिद पुढे झुकला. "तुम्हारा मां? छुट्टी में तुम लिखा, पर्सनल वर्क!"

आम्ही कपाळाला हात लावला. तीन महिने आमच्यासमोर हळहळत होता, आणि साहेबाला कारण काय कळवलं, तर पर्सनल वर्क! घरचं दुखणं ऑफिसात सांगायचं नाही, हे आपल्याकडचं खूळ.

"मैं समझा घर का पेंट करता है," बू राशिद म्हणाला. त्याने तो कप उचलला आणि स्वतःच्या हाताने व्हिन्सेंटच्या हातात दिला. "पियो."

व्हिन्सेंट रडत रडत ती कडू कॉफी प्याला, तळापर्यंत.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला खैरनारने आपला भरलेला कप हळूच चटईवर ठेवला.

बू राशिदने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. "खैरनार. शटडाउन."

खैरनारने एका घोटात कप संपवला.

शिकार त्या दिवशी झालीच नाही. कॅम्पवर फोनला रेंज नव्हती आणि परमिटचं काम फोनवरूनच व्हायचं. बू राशिदने बंदुकीला कुलूप घातलं, वडिलांचा हात कपाळाला लावला आणि व्हिन्सेंटला आपल्या शेजारी बसवून निघाला. मी आणि खैरनार मागे. डांबरी रस्ता लागला तिथे त्याने गाडी कडेला घेतली, आम्ही उतरून त्याच्या खिडकीपाशी गेलो. तो मोबाइलवर बोट आपटत होता. मग म्हणाला, "खलास. हो गया. अब मां को फोन लगाओ. स्पीकर पे."

दोन रिंगनंतर म्हातारीचा आवाज आला. व्हिन्सेंटने फोन दोन्ही हातांनी धरला. तीच बोलत राहिली, "विन्सी? जेवलास का रे बाबा? अरे, जेवलास का?"

"क्या बोलती है?" बू राशिदने विचारलं.

मी सांगितलं, जेवलास का विचारतायत.

बू राशिदने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि व्हिन्सेंटच्या पाठीवर ठेवले. "उसको बोलो, नहीं खाया. परसों तुम्हारे साथ बैठ के खाएगा."