मैनेसाठी एका बोटाची टाळी

कशेळ्याच्या पुढे डोंगराला लागून असलेल्या वाडीतल्या शाळेत वनिता पेमारे बाई शिकवतात. कडावच्या शेतकरी घरातली मुलगी. वडील असे अबोल, की पहिला नंबर आला तरी नुसतं "हं" म्हणायचे. बहुधा त्याचीच भरपाई म्हणून बाई कौतुकाला कधी आखडल्या नाहीत. कुणी पाढा म्हटला, शाबासकीची टाळी. कुणी नखं कापून आलं, फटाक्याची टाळी! बाई शाळेत आहेत हे वाडीला टाळ्यांवरूनच कळायचं.

फक्त दुसरीतल्या मैनेपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. मैना स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुलगी. तालुक्याहून येणाऱ्या विशेष शिक्षिकेने समजावलं होतं, की आवाज तिला टोचतात. बाईंनी तिला घंटेपासून लांब बसवलं, रोजच्या कामांची चित्रं काढून भिंतीवर लावली. तरी ती मधूनच उठून पळत सुटायची. एकदा थेट रस्त्यावर गेली आणि भरलेली जीप तिच्यापुढे करकचून थांबली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप चांगो दारात उभा.

"बाई, शनवारच्या पालकसभेला येतो नि पोरीला घरी नेतो ती कायमची. शिकली नाय तरी चालंल, जित्ती ऱ्हायली पायजे."



गुरुवारी परिपाठाला गजाने माकडाची गोष्ट झकास रंगवली. बाईंनी टाळीसाठी दोन्ही हात उचलले मात्र, मैना कान दाबून दाराकडे धावली. बाईंचे हात हवेतच राहिले. टाळी वाजली नाही आणि मैना उंबऱ्याशी थांबली.

"अगं बाई!" त्या मोठ्यानेच म्हणाल्या. मैनेने फळ्यावरचा शब्द पहिल्यांदा वाचला, तेव्हा आपण सगळ्यांनी फटाक्याची टाळी कडाडवली होती. त्यानंतर तिने वाचणंच सोडलं. पोरगी वाचायला भीत नव्हती, शाबासकीला भीत होती!

त्या दिवशी बाईंना खिचडी गोड लागेना. मैना जेवायला घरी गेलेली. मुलांची ताटं धुऊन होताच बाईंनी गजाला पुढे बसवलं. "तू सातचा पाढा लिही. बाकीच्यांनी त्याच्या कानाशी ताटं वाजवा."

मुलांना आयतंच मिळालं. दणदणाट उसळला.

"बाई, बास! डोकं फुटंल माजं!"

"अरे, तुझं कौतुक चाललंय."

"असलं कसलं कौतुक?"

"आपली टाळी मैनेला अशीच लागते, गजा."

मैनेला 'येडी' म्हणण्यात गजाच पुढे असायचा. तो कान चोळत म्हणाला, "मंग ती पळती ते बरोबर हाय. मी पन पळालो असतो."

"मंग तिला शाबासकी द्यायचीच नाय का?" रियाने विचारलं.

"द्यायची! पन लय हळू." गजाने तळव्यावर एक बोट टेकवलं. टक. सगळ्यांनी करून पाहिलं. शुक्रवारी मैनेसमोर केलं. तिने कान झाकले नाहीत.

शनिवारी पालक आले. चांगो दाराशीच टेकला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'नदी वाहते.' कुणाला उभं केलं नाही, नुसती वाट पाहिली.

मैना कुणाकडेही न बघता म्हणाली, "नदी... वाहते."

चांगो ताडकन उठला. हरखून त्याने दोन्ही हात फाकवले, तोच गजाने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

"काका, नाय, नाय! एक बोट!"

बावरलेल्या पालकांना पोरं कुजबुजत बोटं दाखवू लागली. चांगोने आपलं राठ बोट तळव्यावर टेकवलं. टक. टक. मैना जागची हलली नाही. फळ्याकडे बघत म्हणाली, "पुढचं."

बाईंनी खडू उचलला.

सभा संपल्यावर चांगो एकटाच पायऱ्या उतरला.

"मैनेला न्यायचं होतं ना?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"शाळा सुटली की नेतो, नि सोमवारी परत घालतो," तो हसला. "निस्तं तुमी हात आवरा, बाई!"